मासेमारीच्या बोटीसाठी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीला इंजिन आहेच, मग ही वेगळी मोटर कशाला?

इंजिन माशांच्या जागेपर्यंत नेतं. तिथे पोचल्यावर मात्र त्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त. ताशी दोन-तीन किलोमीटरच्या संथ चालीने आमिष ओढत न्यायचं (यालाच ट्रोलिंग म्हणतात), किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत गळ टाकायचा, वारा बोट ढकलत असताना एकाच खडकावर टिकून राहायचं, ही सगळी कामं बॅटरीवरच्या छोट्या मोटरची. ती आवाज फारसा करत नाही, धूर करत नाही आणि बोट हातभर पुढे-मागे हलवायला लागते तेव्हा ऐकते.

कल्पना तशी जुनी आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या फार्गो इथे ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीची स्टार्टर मोटर घेऊन तिला दांडा आणि पंखा जोडला, तिथून या प्रकाराला सुरुवात झाली. आज त्यावर उपग्रह आणि रिमोट चढलेत, पण खाली पाण्यात फिरते ती अजूनही डीसी मोटर आणि पंखाच. त्यामुळे निवड करताना आधी खालचा भाग, बॅटरी आणि दांडा यांचा विचार करा, वरची बटणं नंतर.

किती पौंडांची मोटर घ्यावी?

या मोटरची ताकद पौंडांतल्या थ्रस्टमध्ये, म्हणजे पाण्याला मागे रेटण्याच्या जोरात मोजतात. १ पौंड थ्रस्ट म्हणजे साधारण ४.४५ न्यूटन. सर्रास वापरला जाणारा हिशोब असा: भरलेल्या बोटीच्या दर १०० पौंड वजनामागे किमान २ पौंड थ्रस्ट. किलोमध्ये हवं असेल तर एकूण वजनाला २२ ने भागा, आलेला आकडा पौंडांतला किमान थ्रस्ट.

'भरलेली बोट' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण बहुतेक लोक कंपनीच्या माहितीपत्रकातलं रिकाम्या सांगाड्याचं वजन धरतात आणि तिथेच फसतात. समजा सांगाडा ४५० किलोचा आहे. इंजिन १२० किलो, ६० लिटर पेट्रोलचे ४५ किलो, तीन माणसं २२५ किलो, बॅटऱ्या ६० किलो, नांगर-दोर-बर्फाची पेटी-गळांचं सामान ६० किलो. बेरीज ९६० किलो, म्हणजे दुपटीहून जास्त. २२ ने भागलं की ४४ पौंड येतात.

आता हा आकडा शांत पाण्याचा आहे. वारा सुटला की चित्र बदलतं. बोटीची वाऱ्यासमोर येणारी बाजू, माणसं धरून, ३ चौरस मीटर आहे असं धरा. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण ११-१२ पौंडांचा दाब येतो. वारा ताशी ४० वर गेला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, सुमारे ४६ पौंड. लाटा आणि पाण्याची ओढ वेगळीच. वरच्या बोटीला ४५ पौंडांची मोटर लावली तर जोराच्या वाऱ्यात ती जेमतेम जागेवर राहील, तीही बॅटरी पूर्ण ताकदीने पिऊन.

म्हणून हिशोबाने जो आकडा येईल त्याच्या वरचं मॉडेल घ्या. ४४ आला तर ५५. मोकळ्या, वाऱ्याच्या पाण्यात किंवा प्रवाहात जाणार असाल तर ७० ते ८०. मोठी मोटर अर्ध्या ताकदीवर चालवणं छोटी मोटर सतत पूर्ण ताकदीवर चालवण्यापेक्षा बॅटरीलाही बरं आणि मोटरलाही.

थ्रस्ट जास्त घेतला तर बोट जास्त वेगाने जाईल का?

नाही, आणि सर्वांत जास्त निराशा याच गैरसमजातून होते. बैलगाडीला आणखी एक जोडी जुंपली तर ओझं जास्त ओढेल, घोड्यासारखी धावणार नाही. पंखा एका फेऱ्यात पाण्यातून किती पुढे सरकतो आणि मिनिटाला किती फेरे घेतो, यावर वेगाची कमाल मर्यादा ठरते. ट्रोलिंग मोटरचे पंखे संथ चालीसाठीच घडवलेले असतात. ३० पौंडांची असो वा ११२ पौंडांची, बोट ताशी ५ ते ८ किलोमीटरच्या आसपासच जाते. जास्त थ्रस्टने मिळतं ते एवढंच की जड बोट, वारा किंवा ओढ असतानाही तो वेग टिकतो.

५५ पौंड म्हणजे किती हॉर्सपॉवर?

थेट रूपांतर होत नाही. थ्रस्ट हा जोर आहे, हॉर्सपॉवर ही शक्ती. अंदाज हवाच असेल तर वीज मोजा. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगाला १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर घेते, म्हणजे ६०० वॅट, एका हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. ११२ पौंडांची ३६ व्होल्टवर ५२ अँपिअर घेते, म्हणजे सुमारे १९०० वॅट, अडीच हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिन बंद पडलं तर ही मोटर हळूहळू किनाऱ्याला आणेल. भर प्रवाहातून किंवा ओहोटीच्या ओढीविरुद्ध आणेल याची खात्री धरू नका.

१२, २४ की ३६ व्होल्ट?

हे बरंचसं थ्रस्टच ठरवतो. साधारण ५५ पौंडांपर्यंतच्या मोटरी १२ व्होल्टवर म्हणजे एका बॅटरीवर चालतात. ७० ते ८० पौंडांना २४ व्होल्ट लागतात, १०० च्या वर गेलं की ३६. दोन किंवा तीन बॅटऱ्या, त्यांची जागा, वजन आणि चार्जर हा सगळा संसार मोटरबरोबर येतो, हे आधीच लक्षात घ्या.

तरीही ज्यांचा हिशोब ५० च्या आसपास अडकतो त्यांना मी २४ व्होल्टकडे जायला सांगतो, बोटीत दोन बॅटऱ्यांची जागा असेल तर. तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टेजवर घेतली की करंट अर्धा होतो. केबल कमी तापते, बॅटरीवरचा ताण कमी होतो, दिवसभराची मासेमारी शक्य होते. काही नवीन मोटरी २४ आणि ३६ दोन्हींवर चालतात. आज दोन बॅटऱ्या, पुढे गरज पडली तर तिसरी, असं करायचं असेल तर त्या सोयीच्या.

मोटर पुढे बसवावी की मागे?

मागच्या फळीला स्क्रूने आवळून बसवायची मोटर सर्वांत साधी. हाताने दांडी धरायची, वळवायची. साडेतीन-चार मीटरच्या छोट्या बोटीला, भाड्याच्या बोटीला, काढ-घाल करायची असेल तिथे तीच बरी.

पुढे, नाळेवर बसवलेली मोटर बोटीला ओढते, मागची ढकलते. फरक वाऱ्यात कळतो. ढकललेल्या बोटीचं तोंड वारा सहज फिरवतो आणि तुम्ही सारखे दिशा सुधारत बसता. ओढलेली बोट मोटर वळेल तिकडे निमूट येते. आमिष टाकत टाकत कडेने जायचं असेल, एकट्याने मासेमारी करत असाल, बोट साडेचार मीटरहून मोठी असेल, तर पुढेच बसवा.

मागच्या बाजूला बसवणाऱ्यांसाठी एक युक्ती: बऱ्याच मोटरींचं वरचं डोकं सोडवून अर्धा वळसा फिरवता येतं. तसं केलं की बोट मागच्या बाजूने, म्हणजे ओढत चालवता येते. चौकोनी मागची बाजू लाटांवर आपटते, तेव्हा हे शांत पाण्यातच.

इंजिनाच्या खालच्या पट्टीवर कायमची बसवायची मोटर असाही एक प्रकार आहे. मोठ्या बोटीतून सरळ रेषेत आमिष ओढणाऱ्यांना ती सोयीची. बाकीच्यांनी तिकडे न पाहिलं तरी चालेल.

दांडा किती लांब हवा?

या प्रश्नावर जेवढा वेळ घालवायला हवा तेवढा कोणी घालवत नाही. दांडा आखूड पडला तर लाटेवर नाळ उचलली जाताच पंखा हवा ओढतो, खळखळाट होतो, जोर जातो, आणि मासे पळवण्याची याहून खात्रीची पद्धत नाही. पाण्यातल्या मोटरचा वरचा भाग पृष्ठभागाखाली किमान ३० सेंटिमीटर राहायला हवा.

मोजायचं कसं? बोटीत नेहमीचं सामान आणि माणसं भरा, बोट पाण्यात असू द्या. पुढे बसवणार असाल तर मोटर जिथे बसणार त्या पृष्ठभागापासून सरळ खाली पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यात साधारण ६५ सेंटिमीटर मिळवा. अंतर ४० सेंटिमीटर आलं तर १०५, म्हणजे ४२ ते ४५ इंचांचा दांडा. ५६ आलं तर १२१, म्हणजे ४८ ते ५२ इंच. मागच्या फळीसाठी फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा आणि ५० सेंटिमीटर मिळवा. लाटांच्या पाण्यात जाणार असाल तर दोन्हीकडे आणखी १२-१३ सेंटिमीटर धरा.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लांब घ्या. लांब दांडा कॉलर सैल करून वर उचलता येतो, आखूड दांडा वाढवता येत नाही. फक्त घडी घातल्यावर लांब मोटर नाळेवर मावते का, तेवढं दुकानातून निघायच्या आधी टेपने पाहून घ्या. उथळ, गवताळ तळ्यात खूप लांब दांडा अडचण करतो हेही खरं, पण तिथे तो वर घेता येतोच.

हाताने चालवायची, पायाने की रिमोटने?

हाताची दांडी स्वस्त, टिकाऊ, बिघडण्यासारखं तिच्यात फार काही नाही. अडचण एकच, एक हात कायम गुंततो.

पायपेडलमध्ये दोन जाती. केबलच्या पेडलमध्ये पाय आणि मोटर यांच्यामध्ये धातूची केबल असते, पाय दाबताच मोटर वळते. खडकांच्या, झाडांच्या खोडांच्या मधून बोट न्यायची असेल तर या तत्परतेला तोड नाही. पण पेडल नाळेपाशी जखडलेलं राहतं आणि दिवसभर पायाला व्यायाम होतो. विजेच्या पेडलमध्ये मोटर वळवायचं काम दुसरी छोटी मोटर करते. किंचित उशीर लागतो, क्वचित तिची घरघर ऐकू येते, मात्र पेडल हवं तिथे ठेवता येतं आणि रिमोटही चालतो. सतत आमिष फेकणाऱ्या माणसाला केबल आवडते. एका जागी थांबून किंवा ओढत मासेमारी करणाऱ्याला विजेचं पेडल किंवा नुसता रिमोट पुरतो.

जीपीएस नांगर खरंच कामाचा आहे की हौस?

कामाचा आहे. एक बटण दाबलं की मोटर त्या जागेचे अक्षांश-रेखांश लक्षात ठेवते आणि बोट सरकली की स्वतः वळून, हवा तेवढा जोर लावून परत आणते. चांगल्या परिस्थितीत बोट दोन-तीन मीटरच्या आत राहते. दोर सोडणं नाही, नांगर अडकणं नाही, तळ ढवळणं नाही. ठरलेल्या दिशेने सरळ जाणं, आखलेल्या वाटेने परत येणं हीही कामं तीच यंत्रणा करते.

पण दोन गोष्टी विक्रेते हळू आवाजात सांगतात. एक, वाऱ्यात जागा धरून ठेवताना मोटर सारखी चालू असते, तेव्हा बॅटरी आणि थ्रस्ट दोन्ही भरपूर हवेत. थ्रस्ट कमी असलेल्या मोटरवर जीपीएस घेणं म्हणजे पैसे वाया. दोन, हा खरा नांगर नव्हे. बॅटरी संपली की बोट वाहून जाते. बोटीत दोर बांधलेला लोखंडी नांगर असायलाच हवा.

आणखी एक सावधगिरी: ही मोटर कोणत्याही क्षणी आपणहून फिरू लागते. कोणी पाण्यात उतरणार असेल तर ती आधी बंद करा. एकटे जात असाल तर रिमोट गळ्यात किंवा मनगटाला बांधलेला असू द्या. पाण्यात पडलात आणि बोट ठरलेल्या वाटेने पुढे निघून गेली, असं व्हायला नको.

दिशा ओळखणारा सेन्सर चुंबकीय असतो. त्याच्याजवळ लोखंडी वस्तू किंवा स्पीकर ठेवला तर बोट जागेवर राहण्याऐवजी गोल गोल फिरते. मोटर बिघडली म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी आजूबाजूला काय ठेवलंय ते पाहा.

पाच टप्प्यांचा वेग घ्यावा की सलग वाढणारा?

परवडत असेल तर सलग. टप्प्यांच्या साध्या मोटरीत वेग कमी करण्यासाठी वीज प्रतिरोधक तारांतून फिरवली जाते, उरलेली शक्ती उष्णता होऊन वाया जाते. सलग वेगाच्या मोटरीत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुरवतात. पूर्ण वेगाला दोघींचा खर्च सारखाच, कमी वेगाला मात्र दुसरी खूप कमी पिते. मासेमारीचा बहुतेक वेळ कमी वेगातच जातो.

वर्षातून मोजक्या वेळा दोन-तीन तास बोट काढत असाल तर पाच टप्प्यांची मोटर पुरे.

ब्रशलेस मोटरला इतके जास्त पैसे द्यावेत का?

ब्रशलेस मोटर जास्त शांत असते, तेवढ्याच विजेत जास्त जोर देते आणि तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात. रोज किंवा दर आठवड्याला पाण्यात असणाऱ्याला तो फरक मिळतो. अधूनमधून जाणाऱ्याने तेच पैसे चांगल्या बॅटरीत घालावेत असं माझं मत आहे.

बॅटरी कोणती घ्यावी?

गाडीची बॅटरी नको, हे पहिलं. इंजिन सुरू करणारी बॅटरी काही सेकंद भरपूर करंट देण्यासाठी पातळ प्लेटांची बनवलेली असते. तिला तासन् तास उपसली की काही महिन्यांत मरते. इथे डीप सायकल, म्हणजे बराच वेळ खोलवर उपसली तरी टिकणारी बॅटरी लागते. इंजिनासाठी वेगळी आणि ट्रोलिंग मोटरसाठी वेगळी ठेवा, नाहीतर दिवसाच्या शेवटी इंजिनही सुरू होणार नाही.

डीप सायकलमध्ये मुख्य निवड शिशाच्या ॲसिडची आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची. पाणी भरायची शिशाची बॅटरी सर्वांत स्वस्त, पण ती उभीच ठेवावी लागते, पाणी पाहावं लागतं आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, त्यामुळे बंद पेटीत चार्ज करू नये. एजीएम हा शिशाचाच बंद प्रकार, सांडत नाही, हादरे सोसतो. दोन्हींचं दुखणं एकच: निम्म्याहून जास्त उपसली की आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे १०० अँपिअर-तासांची (अँपिअर गुणिले तास, हा बॅटरीतल्या साठ्याचा आकडा) बॅटरी प्रत्यक्षात ५० चीच समजा. शिवाय तो आकडा सहसा २० तासांत हळूहळू वापरण्याचा असतो. एकदम ५० अँपिअर खेचले की तेवढीही क्षमता मिळत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी ११ ते १३ किलोची, शिशाची त्याच क्षमतेची २७ ते ३० किलोची. लिथियममधले ८० ते ९० टक्के बिनधास्त वापरता येतात, शेवटपर्यंत व्होल्टेज फारसं पडत नाही, त्यामुळे संध्याकाळीही मोटर सकाळसारखीच चालते. शिशाची काही शे चक्रं (भरणं आणि उपसणं मिळून एक चक्र) चालते, लिथियम काही हजार. सुरुवातीला खिशाला चटका बसतो, पण छोट्या बोटीत वाचलेल्या वजनाचं मोलही धरा.

लिथियम घेताना तीन गोष्टी तपासा. तिच्या आतल्या संरक्षक सर्किटची सलग करंट देण्याची क्षमता मोटरच्या कमाल करंटपेक्षा जास्त हवी. ५० अँपिअरची मोटर आणि ५० अँपिअरचंच सर्किट असलं तर ऐन वाऱ्यात सगळं बंद पडेल. चार्जर लिथियमसाठीचाच हवा. आणि शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करू नये, पेशी कायमच्या खराब होतात.

जुन्या मोटरला लिथियम चालेल का?

बहुधा चालते, पण मोटरचं माहितीपुस्तक वाचा. लिथियमचं व्होल्टेज थोडं जास्त असतं आणि उतरत नाही, त्यामुळे मोटर सतत पूर्ण वेगाला ठेवली तर तापते. म्हणून काही उत्पादक लिथियमवर पूर्ण वेगाने सतत चालवू नका असं सांगतात.

एका चार्जमध्ये किती वेळ चालेल?

वापरता येणारे अँपिअर-तास भागिले मोटर घेत असलेला करंट, एवढंच गणित आहे. ५५ पौंडांची मोटर, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी, पूर्ण वेग: पाऊण तासाच्या आसपास. तीच मोटर लिथियमवर: पावणेदोन तास.

ऐकून छातीत धस्स होतं, पण दिवसभर पूर्ण वेगाने कोणी जात नाही. पाण्यात पंख्याचा वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठव्या भागावर येते. सलग वेगाच्या मोटरीत ५० चे ६-७ अँपिअर होतात आणि त्याच शिशाच्या बॅटरीवर सात-आठ तास निघतात. 'बॅटरी पुरत नाही' ही तक्रार बऱ्याचदा मोटरला इंजिनासारखी पळवणाऱ्यांची असते. जागेवर पोचायला इंजिन वापरा, परतताना वारा समोर असेल हे धरून निदान चौथा हिस्सा बॅटरी राखून ठेवा.

शिशाच्या बॅटरीत किती उरलंय ते थोडा वेळ आराम देऊन मोजा: १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. लिथियमचं व्होल्टेज या कामी फसवतं, तिथे अँपिअर-तास मोजणारा मीटर लावा.

दोन बॅटऱ्या कशा जोडायच्या?

२४ व्होल्ट हवे असतील तर सिरीजमध्ये: एकीचं धन दुसरीच्या ऋणाला. व्होल्टेजची बेरीज होते, अँपिअर-तास तेवढेच राहतात. १२ व्होल्टच ठेवून जास्त वेळ चालवायची असेल तर पॅरलल: धनाला धन, ऋणाला ऋण. दोन्ही बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या हव्यात. जुनीला नवी जोडली की नवी जुनीच्या पातळीवर येते. लिथियम सिरीजमध्ये जोडायच्या तर त्या कंपनीची परवानगी आहे का ते आधी पाहा, सगळ्या बॅटऱ्यांना चालत नाही.

केबल आणि ब्रेकर: घरातली वायर चालेल का?

नाही. इथे काटकसर केली की मोटरची ताकद वायरमध्येच जळते. मागच्या बाजूची बॅटरी आणि नाळेवरची मोटर यांत ५ मीटर अंतर असेल तर वीज जाऊन-येऊन १० मीटर तांब्यातून फिरते. १३ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ५० अँपिअरला साधारण ०.६५ व्होल्ट गळतात, म्हणजे १२ पैकी पाच टक्के. २१ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.४ व्होल्ट. अंतर जास्त असेल तर आणखी जाड घ्या. कलई केलेली, बारीक तारांची मरीन केबल गंजत नाही आणि लवचीक राहते.

ब्रेकर बॅटरीच्या धन टोकाजवळ, ७२ इंचांच्या आत बसवा. १२ आणि २४ व्होल्टच्या बहुतेक मोटरींना ६० अँपिअरचा, हाताने परत चालू करायचा ब्रेकर लागतो. नेमका आकडा माहितीपुस्तकात असतो. पंखा गवतात अडकून थांबला तर करंट उसळी मारतो, त्या वेळी ब्रेकर नसेल तर आग लागू शकते.

समुद्रात गोड्या पाण्याची मोटर वापरली तर?

काही फेऱ्या निघतीलही, मग गंज आपलं काम करेल आणि वॉरंटीही हातची जाईल. खाऱ्या पाण्यासाठीच्या मोटरीत इलेक्ट्रॉनिक्स बंदिस्त असतं, दांडा आणि धातूच्या भागांवर वेगळा लेप असतो, पंख्याजवळ झिजण्यासाठीच ठेवलेला जस्ताचा तुकडा असतो. तो झिजला की बदला, रंगवू नका. खाडीत कधीतरी जात असाल तरी खाऱ्या पाण्याचंच मॉडेल घ्या, कारण ते गोड्या पाण्यात चालतं, उलट चालत नाही. प्रत्येक वेळी परतल्यावर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. जोराचा फवारा सीलमधून आत जातो.

पंखा कोणता घ्यावा?

पाणवनस्पती दाट असतील तर गवत कापत-सारत जाणारा, पाती मागे वळलेला पंखा. मोकळ्या पाण्यात जी कंपनी जो देते तो चालतो. एक जादाचा पंखा आणि त्याची पिन मात्र बोटीत ठेवा.

फिशफाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या पडद्यावर) मोटर चालू करताच रेघोट्या येतात, का?

सलग वेगाच्या मोटरीत वीज झपाट्याने चालू-बंद होत असते, तिचा गोंगाट फिशफाइंडरच्या 'सोनार' यंत्रणेला, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या भागाला, ऐकू येतो. फिशफाइंडरला वेगळी छोटी बॅटरी द्या आणि त्याच्या वायरी मोटरच्या केबलला समांतर नेऊ नका. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. मोटर पुढे बसवणार असाल तर ट्रान्सड्यूसर (फिशफाइंडरचा पाण्यातला, ध्वनी सोडणारा-ऐकणारा भाग) आतच बसवलेलं मॉडेल पाहा, बाहेर लोंबणारी वायर दांड्याला गुंडाळायची कटकट मिटते. ते तुमच्या फिशफाइंडरला जुळतं का, हे मात्र विचारून घ्या.

कयाकला (अरुंद, वल्ह्याच्या होडीला) किंवा हवा भरलेल्या रबरी बोटीला?

३० पौंड पुरतात, बहुतेकदा त्याहून जास्त लागत नाहीत. हवेच्या बोटीला मागे कडक फळी हवी, आणि पंखा रबरापासून दूर राहील असं पाहा. कयाकमध्ये बॅटरीचं वजन कुठे बसतं यावर तोल ठरतो, ती मध्याजवळ, खाली आणि बांधलेली असू द्या.

मोटरच्या आवाजाने मासे बिचकतात का?

एका लयीत चालणाऱ्या मोटरपेक्षा सारखी चालू-बंद, कमी-जास्त होणारी मोटर जास्त त्रास देते असा अनुभव बरेच मासेमार सांगतात, आणि मला ते पटतं. उथळ पाण्यात मोटर खाली सोडताना होणारा खडखडाट तर पंख्याहून वाईट. हळू सोडा.

वापरलेली मोटर घेताना काय पाहावं?

पंखा काढायला सांगा. पंख्यामागच्या आसावर गळाचा दोर गुंडाळलेला असेल आणि सील कापलं असेल तर आत पाणी गेलेलं असू शकतं. पंखा हाताने फिरवा, खरखर येऊ नये. सगळे वेग, पुढे आणि मागे, पाण्याच्या पिंपात चालवून पाहा, हवेत नको. शक्य असेल तर पूर्ण वेगाला करंट मोजा. तो त्या मॉडेलच्या नेमून दिलेल्या कमाल आकड्याहून बराच जास्त असेल तर आत काहीतरी घासतंय. दांडा वाकलेला नाही ना, वायरी टोकाला हिरव्या पडल्या नाहीत ना, तेही पाहा. डोक्यातलं सर्किट बदलायचं झालं तर कंपनी तो भाग अजून बनवते का, हे भाव ठरवण्याआधी विचारा.

विजेची मोटर आहे, मग परवाना-नोंदणी लागत नाही ना?

जागेजागेचे नियम वेगळे आहेत. पिण्याच्या पाण्याच्या काही जलाशयांत इंजिनाला बंदी आणि विजेच्या मोटरला परवानगी असते, तर कित्येक ठिकाणी कसलीही मोटर लावली की बोट नोंदवावी लागते. त्या पाण्याचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्यांना मोटर घेण्याआधी विचारा.

देखभाल किती करावी लागते?

फारशी नाही. दर फेरीनंतर पंखा काढून दोर अडकलाय का पाहा, हे एकच काम कधीही टाळू नका. अधूनमधून जोडण्या घट्ट करा, घडीच्या सांध्यांना सिलिकॉनचा हलका हात द्या. परतल्यावर त्याच रात्री बॅटरी चार्जला लावा, शिशाची असेल तर नक्कीच, कारण रिकामी पडून राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट जमून बसतं. लिथियम महिनोन् महिने ठेवायची असेल तर साधारण निम्मी भरून, मोटरपासून सोडवून ठेवा.